नवीन ग्राफिक्स कार्डची वाट बघता बघता

मंडळी, आज खामगावात फार वाईट वाटलं, म्हणून लिहिते आहे.

मी आणि माझी मैत्रीण शबाना लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. पुण्याच्या एका स्टुडिओनं आम्हाला ॲनिमेशनचं मोठं काम देऊ केलं होतं. त्यासाठी कॉम्प्युटरला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागणार होतं. दिवाळीतच घेणार होतो, पण नेटवर जो तो सांगत होता की नवीन कार्ड येतंय, जुन्याचे भाव पडतील. म्हणून थांबलो.

आज दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाले, "ताई, नवीन कार्डाचा पत्ताच नाही. अन् जुन्याचा भाव तर रोज वाढून राह्यला."

त्यांनी आजचा भाव सांगितला. आमच्या आवाक्यातलं ते राहिलंच नव्हतं.

"मंग हे नेटवरचे लोकं काऊन सांगतात असं?" शबाना म्हणाली. "आता त्या कामाले नाहीच म्हणा लागते."

दुकानाच्या पायरीवर बसून तिनं स्टुडिओला तसं कळवलं. लगेच उत्तर आलं, "ठीक आहे." कारणसुद्धा विचारलं नाही.

खरं सांगा, "थांबा, स्वस्त होईल" यावर विसंबून तुमचंही कधी हातचं काम गेलंय का?