उजवीकडची सीट

आई गेली तो सोमवार होता. दुपारी डोकं दुखतं म्हणून ती आडवी झाली आणि उठली नाही. बाबा वखारीत होते. जीप दारात उभी होती.

आदल्याच आठवड्यात दसरा झाला होता. दसऱ्याला जीपला हळदकुंकू लावायचं आणि स्टिअरिंगला झेंडूचा हार घालायचा, हे काम आईचं. बाबा फक्त नारळ फोडत. तो हार नंतर तसाच राहिला. वाळला, पाकळ्या सीटवर गळत राहिल्या, आणि आम्ही दोघांनीही त्याला हात लावला नाही.

जीप लढाईतली. महायुद्ध संपल्यावर कल्याण कॅम्पातलं लष्करी सामान लिलावात निघालं, तेव्हा बाबांनी ती घेतली. तेव्हा त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं. बॉनेटवर पांढरा तारा होता. बाबांनी त्यावर हिरवा रंग दिला, पण दोन पावसाळे गेले की तारा पुन्हा वर येई. डाव्या अंगाला फावडं आणि कुऱ्हाड अडकवायच्या पट्ट्या होत्या, पुढची काच बॉनेटवर आडवी टाकता येई. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली होती, त्यामुळे पंपावर बाबांना प्रत्येक वेळी खाली उतरून गादी उचलावी लागे. आई शेजारी बसून राही. "मालकीण उतरत नसते," ती म्हणे.

आमचा धंदा पेंढ्याचा. भाताची कापणी झाली की अंजूर, वळ आणि आसपासच्या गावांतून पेंढा घ्यायचा, भिवंडीतल्या वखारीत त्याच्या गाठी बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या. सत्तरच्या दशकात त्या गावांतल्या शेतांपर्यंत रस्ता असा नव्हताच. जीप बांधांवरून जाई, खाडीकाठच्या चिखलातून जाई. गिअरपाशी आणखी दोन छोटे दांडे होते. बाबांनी ते ओढले की चारही चाकं एकदम जोर लावत आणि गाडी म्हशीसारखी सावकाश चिखलातून वर येई. आई म्हणायची, "हिने कुठले कुठले देश बघितले असतील, आणि आता नशिबी वळचा पेंढा."

परदेशातली गाडी, म्हणून तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. चिखलात त्याने काही बिघडत नसे. डांबरी रस्त्यावर मात्र ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला पडे. पुढे ट्रक असला, की समोरून काय येतंय ते बाबांना दिसत नसे. उजवीकडे बसलेल्यालाच ते दिसे, आणि उजवीकडे आई बसे. ती सीटशेजारचं लोखंडी हँडल धरून बाहेर वाकायची. "अहो, थांबा." थोड्या वेळाने, "एसटी येतेय, थांबा." आणि मग नुसतंच, "हं." घरोघरच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटामुळे आमच्या गावात सगळेच मोठ्याने बोलत. आईचं ते "हं" मात्र हळू असे, आणि बाबांना ते नेमकं ऐकू येई. घरी त्यांचे वाद पुष्कळ होत, आमटीतल्या मिठावरूनसुद्धा. रस्त्यावर मात्र तिचा शब्द त्यांनी कधी तपासून पाहिला नाही. ती "हं" म्हणाली की ट्रकला मागे टाकायला ते गाडी बाहेर काढत.

दिवसकार्य झालं, कापणी सुरू झाली, आणि बाबांना निघावं लागलं. त्यांनी हार उतरवला, पण टाकला नाही. मागच्या बाकावर ठेवला. शेजारी वखारीतला एक हमाल घेतला. तो दोन दिवसच टिकला. समोरून काहीही येत असलं तरी तो म्हणे, "जाव द्या शेट, देव हाय!"

मग बाबा एकटे गेले. पुढे पोत्यांनी उंच भरलेली बैलगाडी होती आणि तिच्यामागून ते अंजूरपर्यंत गेले. संध्याकाळी त्यांनीच मला सांगितलं. अंजूरला पोचल्यावर गाडीवान खाली उतरून हात जोडून म्हणाला होता, "शेट, मघापासून हारन वाजवताव. मी बैलं कडेला घेतली, तरी तुमी मागंच! माजं काय चुकलं का?" सांगताना बाबा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मग हसता हसता थांबले आणि हात धुवायला उठले.

गावाबाहेर अंजूरच्या रस्त्यावर एक मिस्त्री होता. अशा कितीतरी जीपची स्टिअरिंगं त्याने उजवीकडे नेली होती. बाबांच्या तो कधीपासून मागे लागलेला. आता वखारीत येऊन बसला. "शेठ, राइट में कर देता हूँ. फिर बगल में किसी की जरूरत नहीं."

बाबांनी पुढ्यातला चहा त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "गुरुवारी आणतो."

त्याचं बरोबर होतं. धंदा असा बैलगाडीमागून चालला नसता. पण स्टिअरिंग एकदा उजवीकडे आलं की आईची जागा ड्रायव्हरची होणार होती, आणि जीपमध्ये आईची अशी जागाच उरणार नव्हती. हे बाबा बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आमच्या घरात बोलायचं काम आईकडेच होतं. बुधवारी संध्याकाळी ते ओल्या फडक्याने उजवीकडची सीट पुसत होते. डावीकडची त्यांनी पुसली नाही.

गुरुवारी मला वाटेत कॉलेजला सोडून ते पुढे मिस्त्रीकडे जाणार होते. मी उजवीकडे बसले आणि सवयीने पुस्तक उघडलं. नाक्यापुढे लूमचे बीम, म्हणजे सुताचे भलेमोठे रूळ, भरलेला ट्रक लागला. बाबा त्याच्यामागे राहिले. हॉर्न नाही, काही नाही. मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. मग लक्षात आलं की त्यांची मान किंचित माझ्याकडे कलली आहे. ते वाट बघत होते. कदाचित त्यांनाही ते कळलं नसावं.

मी पुस्तक मिटलं. हँडल धरून बाहेर वाकले.

"थांबा," मी म्हणाले.

एक टेम्पो गेला. "थांबा." एक टांगा गेला.

"आता?"

"नको, लांब काहीतरी दिसतंय."

"अगं, ते झाड आहे. तुझी आई इतकी भित्री नव्हती."

समोरचा रस्ता मोकळा होता. आईसारखं "हं" म्हणायला गेले, पण तसं हळू जमेना. मग मी ओरडलेच, "जा!"

बाबांनी गाडी बाहेर काढली. ट्रक मागे पडला. कॉलेजचं फाटकही मागे पडलं. मिस्त्री आमचीच वाट बघत रस्त्यावर उभा होता. त्याने दोन्ही हात वर केले. "अरे शेठ! किधर? सब खोल के रखा है!"

"अंजूर!" बाबा ओरडले.

"बाबा, माझं कॉलेज."

"आज बुडव," ते म्हणाले. तापातही मला वर्गात पाठवणारा माणूस हे म्हणत होता.

अंजूरला खाडीवर बाबांनी मागच्या बाकावरचा हार घेतला आणि पाण्यात सोडला. मग आम्ही पेंढा बघायला गेलो.

त्यानंतर कितीतरी हंगाम मी त्या सीटवर बसले. आधी कॉलेज सांभाळून, मग नोकरीच्या सुट्ट्यांत. तिथे पुस्तक चालत नसे. उघडलं की बाबा म्हणत, "समोर वाच." माझं "जा" हळूहळू हळू झालं. "हं" मात्र कधीच झालं नाही, आणि बाबांनी ते मागितलंही नाही.

पेंढ्याचा धंदा नंतर बंद झाला. त्या शेतांवर आता गोदामं आहेत. बाबा यंदा पावसाळ्याआधी गेले. जुन्या गाड्या जमवणारे लोक चौकशीला येतात. बॉनेटवरचा तारा, फावड्याच्या पट्ट्या, डावीकडचं स्टिअरिंग यांचे फोटो काढतात. बाकीच्यांनी बदलून घेतलं, तुमच्या वडिलांनी मूळचं कसं जपलं, असं विचारतात. मी त्यांना चहा देते.

मी गाडी चालवायला शिकले नाही. जीप शेडमध्ये आहे. स्टिअरिंग डावीकडे आहे. उजवीकडच्या हँडलचा रंग गेला आहे, तिथे लोखंड दिसतं.