कुंडीत काही टाकायचं नाही

फोन आला तेव्हा मी बोरीच्या रानात होतो. ज्वारी पोटरीत आली होती, पाखरं राखायची वेळ अजून यायची होती, म्हणून बांधावर निवांत बसलो होतो. परभणीच्या घराशेजारच्या वहिनी बोलत होत्या, "भाऊजी, लौकर या. विजयाताई उठंनात..." साखर कमी झाली असेल, असं मी रस्ताभर स्वतःला बजावत राहिलो. पोचलो तेव्हा दारात चपला जमल्या होत्या. गच्चीवर तिचा पाण्याचा कॅन झाकण काढून तसाच उभा होता.

विजया, माझी बायको, मातीची रसायनं तपासायची. नोकरी परभणीच्या प्रयोगशाळेत, माझं शेत बोरीला. त्यामुळे आमचा संसार शनिवार-रविवारचा. मूलबाळ झालं नाही. लग्नानंतर ती एकदा आमच्या रानातली माती घेऊन गेली आणि ती आम्लात उकळून विरघळवतात, असं आईला समजावून सांगू लागली. आईनं कपाळाला हात लावला, "आमी डाळ शिजवतो, आन् ही माती शिजवायलीय! लय शिकलेली सून केली बाबा." विजू इतकी हसली की आईलाही हसू आलं.

तिचा जीव जडला होता तो लँथॅनम, सेरियम अशा नावांच्या धातूंवर. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं म्हणतात त्यांना. मी एकदा म्हटलं, एवढी दुर्मिळ वस्तू आपल्या काळ्या रानात कुठून यायची? ती म्हणाली, "नाव तेवढं दुर्मिळ हाय. रानात हायेत की. पण आपली माती चुनखडीची, त्यात ते विरघळत न्हाईत. अन् जे विरघळत न्हाई ते मुळाला मिळत न्हाई. माती गरीब न्हाई हो, कंजूष हाय." मुळं आपला थोडा आंबटपणा सोडून कणभर मोकळं करून घेतात, पण फॉस्फेट भेटलं की हे धातू त्याला असे धरून बसतात की मूळ हात चोळत राहतं, असंही सांगायची. म्हणून गच्चीवरच्या तिच्या प्रयोगाच्या कुंड्यांना खत वर्ज्य. आईनं एकदा मायेनं हाडांच्या खताची मूठ टाकली, तर हिनं कुंडीच बाद केली. घरात दोन दिवस अबोला होता.

ती अशी कडक का झाली, तेही मला ठाऊक होतं. तरुणपणी देवगाव फाट्याजवळच्या ज्वारीच्या पानांत तिला हे धातू भरपूर सापडले. प्रयोगशाळेत पेढे वाटले, मलाही खास बोलावलं. मग हिला शंका आली. तीच पानं नीट धुऊन तिनं पुन्हा तपासली, तर जवळपास काहीच नाही. रस्त्याची धूळ होती ती, झाडानं काही घेतलंच नव्हतं. पेढे खाल्लेल्या प्रत्येकाला हिनं स्वतः जाऊन सांगितलं. त्या शनिवारी ती जेवली नाही, नुसती गच्चीवर उभी राहिली. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

निवृत्त झाल्यावर मला वाटलं, आता येईल बोरीला. तर म्हणाली, "एक उत्तर राह्यलंय. आपल्या रानातली माती, आपली ज्वारी, नुसतं शुद्ध पाणी. काई टाकायचं न्हाई. मूळ स्वतःच्या जोरावर किती घेतं, एवढं बघू द्या. मग येते कायमची." मी चिडलो, मग वाट बघायला लागलो. एवढी वर्षं बघितली, त्यात एक हंगाम काय... गच्चीवरच्या त्या कुंडीतली ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि विजू गेली.

बोरीला आली ती गाडग्यात. आमच्याकडे आता बरेच जण रक्षा नदीत न सोडता रानात पसरतात. मीही बांधाच्या कडेनं पसरली. पण शेवटच्या चिमटीला हात पुढे होईना. ही बाई शेतात राहिलीच कधी? तिचं सगळं आयुष्य त्या गच्चीवर. मग ती चिमूटभर कागदात बांधून परभणीला आणली आणि तिच्या कुंडीत, ज्वारीच्या बुडाशी घातली. माती बोटानं सारखी केली, वर पाणी घातलं. तिच्याच कॅनमधलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला घरात झोप लागली.

मागच्या आठवड्यात शिल्पा आली, तिची विद्यार्थिनी. पिशवीत हातमोजे, कात्री, कागदी पाकिटं. म्हणाली, "काका, कणीस निघायच्या आत पानं न्यायची हायेत. मॅडमच्या नावानं हे उत्तर छापून आणायचंय मला." तिचे डोळे भरून आले होते. कुंडीजवळ बसून तिनं मोजे चढवले आणि विजूच विचारायची तसं विचारलं, "मातीत काई टाकलं न्हाई ना?"

नाही म्हणालो असतो तर कुणाला कळलं असतं? पानं गेली असती, विजूचं नाव छापून आलं असतं. मला ते देवगाव फाट्याचे पेढे आठवले.

"टाकलंय," मी म्हणालो.

"काय टाकलं?"

"तिलाच."

शिल्पाला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. रक्षा म्हणजे हाडं, हाडं म्हणजे फॉस्फेट. आता त्या मातीतलं मुळाला काय मिळालं असणार! तिनं एकेक मोजा उतरवला आणि कात्री पिशवीत ठेवली. उठताना म्हणाली, "मॅडमनी ही कुंडी बाद केली असती, काका."

"लगेच केली असती," मी म्हणालो. दोघंही हसलो, आणि हसता हसता मला रडू आवरेना.

बोरीची ज्वारी निघायला आली आहे, मला जायला हवं. मी अजून इथेच आहे. सकाळी उठतो, गच्चीवर जातो, ती विसळायची तसा पेला तीनदा विसळतो आणि कॅनमधलं शुद्ध पाणी त्या बाद कुंडीला घालतो. दुसरं काही टाकत नाही.