उडदाची साक्ष

बीबी गावच्या आमच्या शाळेत बुलढाण्याहून एक विज्ञानाचे मास्तर एकाच दिवसासाठी आले होते. नाव आठवत नाही. कानामागचा खडू आणि बोलताना मांडीवर थाप मारायची सवय मात्र पक्की लक्षात आहे. त्यांनी मैदानाच्या काळ्या मातीत पांढरी ज्वारी आणि काळे उडीद उधळले.

“तुम्ही आता पाखरं! दिसंल तो दाणा टिपा. लपला तो वाचला, अन् त्याचाच वंश वाढला!”

शिट्टी वाजताच आम्ही तुटून पडलो. दुसरी शिट्टी झाली तरी कुणी उठेना. आम्ही कास्तकारांची लेकरं. अन्न पायाखाली येऊ नये म्हणून माती चाचपून उडीदही वेचत बसलो.

“अबे, पाखरं असं करतात काय?” मास्तर पोट धरून हसले. “बुडवला ना माहा प्रयोग!”

“मग आता कसं कळंल, गुरुजी?” मी विचारलं.

मांडीवर थाप पडली. “जमिनीले विचारू!”

संध्याकाळच्या एस.टी.नं ते गेले.

पाऊस पडून गेल्यावर मैदानात कोंब दिसले. मी धावले. सगळे उडदाचे! ज्वारीचं एक पातं नव्हतं. तशीच पळत मी बुलढाण्याची गाडी गाठली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, “कानामागं खडूवाल्या मास्तरले सांगजा, जमीन बोलली!”