मनगटाच्या आत जाऊन आले

जुईनगरला धाकट्या बहिणीकडे निघाले, तेव्हा खापर (मांडे भाजायचं उलटं मातीचं भांडं) सुनेच्या, सुनीताच्या, हवाली केलं. वीस वर्षं आमच्या खानदेशातल्या गावच्या लग्नांचे मांडे माझ्या हातांवर मोठे झाले. आता उजवं मनगट पुरण भरलेला साधा उंडासुद्धा पेलेना. अंगणात घसरून पडले आणि 'लचकलंय' म्हणत आठ महिने तेल चोळत बसले. अक्कल बघा माझी!

बस पहाटे पोचली. बहिणीच्या गच्चीवरून खाडी दिसली. धुकं, आणि धुक्यात उभी गुलाबी पाखरं. मी अजून बसमध्ये झोपलेच आहे की काय, असं वाटलं. पोहे डाव्या हातानं खाल्ले, अर्धे सांडले.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी फोटो दाखवला. मनगटातलं इवलंसं हाड, मधोमध फट.

"जुनं मोडलंय, जुळलंच नाही. मोठी चीर नको. बारीक छिद्रांतून कॅमेरा घालू, तुमच्याच हातातलं थोडं हाड फटीत भरू आणि स्क्रू लावू."

"मांडे करता येतील ना?"

"जुळलं तर येतील. पण शब्द नाही देत."

तरी मी हो म्हटलं.

इंजेक्शन देऊन हात तेवढा बधिर केला. जवळच्या दिघ्याहून येणारी नर्स म्हणाली, "मावशी, टेन्शन नका घेऊ. तुमी टीव्ही बघा."

पडद्यावर माझंच मनगट! पांढरेशुभ्र कडे, मधून संथ पाणी, पाण्यात हलणारे धागे. बाई गं, किती शांत होतं तिथे! कितीतरी वेळ मी त्या पाण्याकाठानं हिंडत होते. इतकी वर्षं हे सगळं हातात घेऊन फिरले आणि एकदाही पाहिलं नव्हतं. मग ती फट आली. डॉक्टर तिच्यात हाडाचा चुरा भरू लागले.

"गच्च भरा हं, कडेला पोकळ राहिलं की फाटतं," मी बोलून गेले.

डॉक्टर हसले. "पुरण भरतोय असं समजा, मावशी."

तीन महिने हात पट्टीत होता. शेवटच्या फोटोत फट दिसेना. मी तिथेच रडले.

घरी आल्यावर चूल पेटवली. पहिला मांडा फाटला. मी खाली बघत राहिले. सुनीतानं दुसरा उंडा भरला, कडा नीट दाबल्या आणि माझ्या हातावर ठेवला. तो फिरत फिरत, न फाटता, कोपरापर्यंत पसरत आला.