न थांबलेला आवाज

महालक्ष्म्या घरात आणायच्या दिवशी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, आमच्या लहान म्युझिक प्लेअरमधून माझ्या आईचा आवाज आला आणि तो थांबला नाही. आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

आम्ही हिंदी मुलखातले मराठी. आमच्याकडे महालक्ष्म्यांचे मुखवटे दारातून आत आणताना घरातली मोठी बाई आतून प्रश्न विचारते आणि मुखवटे आणणाऱ्या बायका उत्तरं देतात. कोण आलं? महालक्ष्म्या आल्या. कशाच्या पावलांनी आल्या? सोन्याच्या पावलांनी आल्या. काय घेऊन आल्या? धान्य, धन, लेकरंबाळं. हेच प्रश्न दारात, मग स्वयंपाकघरात, मग धान्याच्या कोठीपाशी. प्रश्न आई विचारायची. शेवटच्या वर्षी तिचं हृदय थकलं होतं. दोन वाक्यांनंतर धाप लागायची. म्हणून सणाच्या चार दिवस आधी, दुपारी घरी एकटी असताना, तिनं हे प्रश्न प्लेअरवर रेकॉर्ड केले. प्लेअर माझा होता. बातमीसाठी मुलाखती घ्यायला मी तो वापरत असे आणि स्मार्टफोन घेतल्यावर भजनं ऐकायला तिला देऊन टाकला होता.

रेकॉर्डिंगमध्ये तिनं उत्तरांसाठी जागा सोडल्या होत्या. उत्तराला चार-पाच सेकंद. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत चालायला बावीस सेकंद, तिच्या स्वतःच्या चालीनं मोजलेली. सगळं मिळून चार मिनिटं दहा सेकंद.

त्याच दुपारी ती गेली. सुतकामुळे त्या वर्षी महालक्ष्म्या आल्या नाहीत. पुढची पाच वर्षं दाराशी पाट मांडून त्यावर प्लेअर ठेवला जायचा. बाबा त्याला हळद-कुंकू वाहायचे. शेवटचा प्रश्न झाला की मी बटण दाबून तो बंद करायचो. फाइलच्या लांबीच्या जागी शून्य दिसायचं. त्याबद्दल कोणी विचार केला नाही.

सहाव्या वर्षी, आदल्या संध्याकाळी, प्लेअर चार्ज होईना. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीनं चार्जिंगच्या भोकातून टूथपिकनं पाच वर्षांचं कुंकू काढलं आणि तो लॅपटॉपला जोडला. पडद्यावर सूचना आली की नवं सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. तिनं होकार दिला. अपडेट नऊ मिनिटं चाललं.

सकाळी आम्ही चौघं दाराशी होतो: बाबा, मी, माझी पत्नी आणि मुलगी. पत्नी म्हणाली, एकदा लावून बघू, म्हणजे ऐन वेळी गडबड नको. मुलीनं बटण दाबलं.

प्रश्न एकापाठोपाठ एक आले. कोण आलं कशाच्या पावलांनी आल्या काय घेऊन आल्या कोण आलं. मधे श्वासापुरतीही जागा नव्हती. चार मिनिटांचं रेकॉर्डिंग एका मिनिटाच्या आत संपलं. मी बटणाकडे हात नेला, पण त्याआधीच पुढचे आवाज आले होते. कारखान्याचा भोंगा. कुकरची एक शिट्टी, लांबची. मग आईचा आवाज, प्रश्न विचारण्याचा नाही, रोजचा:

"कोण? अच्छा. दार उघडंच आहे."

आणि लगेच दारावर तीन ठोके, आणि बाहेरून बाबांचा आवाज: "अगं, दार उघड. मी आलो."

मी प्लेअर बंद केला. बाबा पाटाशेजारी जमिनीवर बसले. त्यांचं वय ब्याऐंशी आहे आणि ते आधाराशिवाय खाली बसत नाहीत.

"बोलली ती," ते म्हणाले. "मी बाहेर उभा होतो अन् ती आतून बोलून राहिली होती. मला ऐकू नाही आलं."

त्या दिवसाबद्दल घरात सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी अशा. बाबा पाऊण वाजता कमानिया गेटच्या बाजारात गेले, महालक्ष्म्यांच्या साड्या आणायला. आईनं आतून कडी लावली; तिची ती सवयच होती. येताना एक जुना सोबती भेटला आणि बाबा त्याच्याबरोबर अर्धा तास चहा घेत बसले. ते साडेचारच्या सुमारास परतले. कडी आतून होती. त्यांनी ठोठावलं, हाका मारल्या. शेवटी शेजारी मागच्या भिंतीवरून आत उतरले. आई खुर्चीत होती. डॉक्टर म्हणाले, जाऊन वेळ झाला आहे. किती वेळ, हे त्यांनी सांगितलं नाही. बाबांनीही विचारलं नाही. प्लेअर संध्याकाळी खुर्चीखाली सापडला. बॅटरी संपलेली होती.

"आजोबा, सॉरी ना," मुलगी म्हणाली. "मी फक्त अपडेट केला. मुझे क्या पता था."

"तू काहून रडतेस? तुझं काही नाही." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "मी ठोठावलं तेव्हा ती होती का, ते पाह्य. ते कळल्याशिवाय मी महालक्ष्म्या आणणार नाही."

"बाबा, मुहूर्त साडेसहापर्यंत आहे," पत्नी म्हणाली.

"मग साडेसहापर्यंत पाह्य."

फाइल मी लॅपटॉपवर घेतली. लॅपटॉपनं ती उघडली नाही. फोननंही नाही. अकराला मी प्लेअर घेऊन घमापुर चौकातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तो उलटा करून पाहिला.

"भाई साहब, ये अब कौन चलाता है? और इसमें होली खेली है क्या? लाल-लाल क्या भरा है?"

मी सांगितलं, कुंकू आहे.

"पूजा करते हो इसकी?"

मी हो म्हणालो. त्यानंतर त्यानं थट्टा केली नाही. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, रेकॉर्डिंग चालू असतानाच बॅटरी संपली, म्हणून फाइल नीट बंद झालेली नाही. जुन्या सॉफ्टवेअरला तिची लांबी मोजता येत नव्हती आणि लॅपटॉपला अजूनही येत नाही. नव्या सॉफ्टवेअरनं ती मोजली आहे: तीन तास बावीस मिनिटं. दोन, अपडेटनंतर मेनूत एक नवी ओळ आली होती, 'शांतता वगळा', आणि ती आपोआप चालू झाली होती. ठरावीक पातळीखालचा आवाज असेल तो सगळा भाग प्लेअर गाळून पुढे जात होता.

"व्याख्यान सुनने वालों के लिए बनाया है," तो म्हणाला. "टाइम बचता है."

त्यानं ती ओळ बंद केली. मी विचारलं, पुढे ढकलून हवी ती जागा शोधता येईल का. तो म्हणाला, अशा फाइलमध्ये ढकललं की मिनिटं चुकतात. खरी वेळ हवी असेल तर सुरुवातीपासून ऐकावं लागेल. "बीच में हाथ मत लगाना."

बारा वाजून दहा मिनिटांनी मी मागच्या खोलीत इअरफोन लावून बसलो. वही आणि पेन्सिल घेतली. ऑफिसात मुलाखत उतरवताना करतो तशीच मिनिटं मांडली. बाबा समोरच्या पलंगावर बसले होते. त्यांनी ऐकायला मागितलं नाही.

खुर्ची सरकते. आई खोकते. प्रश्न सुरू होतात, जागा परत आलेल्या आहेत. बावीस सेकंदांच्या जागेत तिचा श्वास ऐकू येतो आणि वर पंख्याची घरघर. ४ मिनिटं १० सेकंदांनी शेवटचा प्रश्न संपतो. ती बटण दाबत नाही. विसरली की दाबायला वाकता आलं नाही, ते कळायला मार्ग नाही.

८ मिनिटांनी भोंगा होतो. मी एक इअरफोन बाबांना दिला आणि तेवढंच ऐकवलं. त्यांनी त्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली आहेत.

"दीडचा," ते म्हणाले. "जेवणानंतरचा."

म्हणजे रेकॉर्डिंग एक वाजून बावीस मिनिटांनी सुरू झालं.

१९ मिनिटांना कुकरची शिट्टी, बहुधा शेजारची. त्यानंतर पंखा आणि श्वास. ४१ मिनिटं ६ सेकंदांना आई म्हणते, "कोण?" त्याआधी ठोका नाही, पाऊल नाही, हाक नाही. तेवढा भाग मी नंतर पुन्हा तीन वेळा ऐकला. नऊ सेकंद जातात. "अच्छा. दार उघडंच आहे." आवाज थकलेला नाही. धापही नाही.

यानंतर पंखा ऐकू येत नाही. श्वासही ऐकू येत नाही. आमची गल्ली पाच हात रुंद आहे. दुपारी तिथून भाजीवाला जातो, शाळेतली मुलं परततात, स्कूटर जातात. ४१ मिनिटांपासून पुढे या फाइलमध्ये यातलं काहीही नाही. मी आवाज पूर्ण वाढवून ठेवला होता. दोन वेळा इअरफोन काढून पाहिलं. बाहेर नेहमीसारखा गोंगाट होता.

हे दोन तास पंचवीस मिनिटं चालतं.

३ तास ६ मिनिटांना तीन ठोके. "अगं, दार उघड. मी आलो." मग पुन्हा ठोके, हाका, त्या मोठ्या होत जातात. आतून उत्तर नाही. ३ तास १४ मिनिटांना मागच्या बाजूला उडी मारल्याचा आवाज, शेजाऱ्यांचा आवाज, कडी काढल्याचा आवाज. ३ तास १७ मिनिटांना भिंतीवरचं बटण दाबल्याचा टक असा आवाज. फाइल बाबांच्या एका वाक्यात मधेच संपते. ते वाक्य मी इथे देत नाही.

तीन वाजून बत्तीस मिनिटांनी मी इअरफोन काढले आणि वही बाबांना वाचून दाखवली.

"दोन वाजून तीन मिनिटांनी ती शेवटचं बोलली. तुमचा पहिला ठोका चार अठ्ठावीसचा आहे."

त्यांनी वही हातात घेऊन स्वतः वाचली. मग बोटांवर हिशेब केला.

"दोनला मी दुकानात साड्या पाहून राहिलो होतो. चहा तिथून पुढे, तीननंतर."

"हो."

"म्हणजे चहा नसता घेतला तरी."

"तरीही नाही."

त्यांनी वही मिटली. "ते मला नव्हती म्हणाली ती, मग."

"नाही."

"अन् कडी तर आतून होती."

पत्नी दारात उभी होती. ती म्हणाली, "चला बाबा, तोंड धुऊन घ्या. चहा ठेवते." आणि आत गेली.

पंख्याबद्दल मी शेजाऱ्यांना विचारलं. भिंतीपलीकडून ते म्हणाले, "छह साल बाद पूछ रहे हो? अखबार में छापोगे क्या?" मी पुन्हा विचारलं. "चल रहा था भैया. मैंने ही बंद किया. भाभीजी का पल्लू उड़ रहा था." मी विचारलं, नक्की का. ते म्हणाले, पल्लू उडत होता म्हणूनच लक्षात आहे. बटण बंद केल्याचा टक आवाज फाइलमध्ये आहे. त्याआधी पंख्याचा आवाज नाही.

चार वाजून पस्तीस मिनिटांनी मुखवटे दाराबाहेर नेले. एक पत्नीच्या हातात, एक मुलीच्या. प्लेअर पाटावर, वायर लावलेली. बाबांनी या वेळी कुंकू प्लेअरला न लावता पाटाला लावलं. मी बटण दाबलं.

"कोण आलं?"

"महालक्ष्म्या आल्या," दोघी म्हणाल्या.

"कशाच्या पावलांनी आल्या?"

"सोन्याच्या पावलांनी आल्या." मुलगी मराठी कमी बोलते, पण ही उत्तरं तिला पाठ आहेत. बाबा घंटी वाजवत पुढे चालत होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला आम्ही पोहोचलो आणि आईचा पुढचा प्रश्न आला. बावीस सेकंद पुरली.

कोठीपाशी शेवटचं उत्तर झालं. मी बटणाकडे निघालो.

"राहू दे," बाबा म्हणाले.

मुखवटे बसवले, साड्या नेसवल्या, आरती झाली. पाच वाजून दहा मिनिटांनी बाबा उठले, समोरच्या दाराची कडी काढली आणि दोन्ही फळ्या पूर्ण उघडल्या. दाराशेजारी आईची खुर्ची आणून ते त्यावर बसले. मुलगी त्यांच्या पायाशी बसली.

पाच सोळाला आवाज आला. "कोण?" नऊ सेकंद. "अच्छा. दार उघडंच आहे." मुलीनं गल्लीकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही.

त्यानंतर प्लेअरमधून काही येत नव्हतं. आम्ही दिवा लावला. शेजारणी हळदीकुंकवाला येऊन गेल्या. दोघींनी विचारलं, दार असं सताड का, डास येतील. बाबा म्हणाले, येऊ द्या.

सात वाजून एक्केचाळीस मिनिटांनी प्लेअरमधून तीन ठोके आले, आणि सहा वर्षांपूर्वीचा बाबांचा आवाज: "अगं, दार उघड. मी आलो."

दार तेव्हा उघडं होतं.