लेपवालीची जागा

वेल्दाराच्या बंदरात लेपवालीला कोणी वाकून नमस्कार करत नसे, पण तिच्याशी भांडायलाही कोणी धजत नसे. ओर्दिनाने एकेचाळीस वर्षं तिथल्या जहाजांच्या तळांना लेप लावला. राळ, मुशी माशाच्या काळजाचं तेल आणि थोरलीच्या गळलेल्या खवल्यांची राख. थोरली म्हणजे बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली आडवं पडलेलं एक अजस्र जनावर. ओळखीचा वास आला की ती अंग खाली घेते आणि जहाज वरून निघून जातं. वास परका वाटला की अंग वर उचलते, आणि पुढचं सांगायला सहसा कोणी उरत नाही. म्हणून बाहेरगावची जहाजं लांबच नांगर टाकतात.

रीत अशी की जी बाई लेपाचा वास घेऊन तो पास करते, तिनेच पहिल्या खेपेला जहाजाच्या पुढच्या टोकावर बसायचं, पाय खाली सोडून. थोरली ओलांडली की छोटी होडी तिला परत आणते. ओर्दिना तिथे वाळकी कोळंबी चघळत बसायची. वल्हेकऱ्यांना तिच्याकडे बघून धीर यायचा, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मागच्या थंडीत ती तापाने पडली. बरी झाली, आणि एका सकाळी तिच्यासमोर चुलीवर दूध करपून काळं झालं. ती शेजारीच बसली होती. सून सेव्के धावत आली.

"सासूबाई, घरभर धूर झालाय. लक्ष कुठंय?"

"तुझ्या माहेरच्यांसारखं दूध पातळ आणलंस, म्हणून करपलं," ओर्दिना म्हणाली.

नाक गेलंय हे तिने कोणाला सांगितलं नाही. लेप ती बोटांनी चाचपून पास करू लागली. पहिल्या जहाजावर बसताना तिने मनाशी ठरवलं, मेले तर मेले. जहाजावर तिच्यासोबत एकोणीस माणसं होती, त्यांना विचारावं असं तिला वाटलं नाही. जहाज सुखरूप गेलं. मग दुसरं, मग सातवं. एवढ्या वर्षांनी हातांनाच कळत असणार, अशी तिची खात्री पटली आणि तोरा पहिल्यापेक्षा वाढला.

वर्ष असंच गेलं. मग बहिणीच्या बाळंतपणासाठी सेव्के नऊ दिवस माहेरी गेली. तेवढ्यात ब्रानोल तांडेलाचं जहाज लेपाला आलं. ओर्दिनाने एकटीने कढई लावली, लेप चढवला, आणि दहाव्या दिवशी ती जहाजाच्या टोकावर जाऊन बसली.

जहाज धक्क्यापासून थोडं लांब गेलं होतं, तेवढ्यात सेव्के धक्क्यावरून पळत येताना दिसली. खांद्यावर अजून माहेरचं गाठोडं होतं.

"उतरा! सासूबाई, उतरा! कढईला नुसत्या राळेचा वास येतोय!"

धक्क्यावरची माणसं वळून बघू लागली. वल्ही मंदावली.

"काय म्हणते गं तुझी सून?" ब्रानोलने विचारलं.

"भाकरी जाळली असेल," एक वल्हेकरी म्हणाला. दोघेतिघे हसले.

ओर्दिनाला एकदम सगळं उमगलं. वर्षभर प्रत्येक कढईशी ही पोर शेवटी येऊन बसायची. "जरा ढवळते हं," म्हणायची, आणि उणं पडलेलं तेल, राख गुपचूप घालायची. ती आळशी आहे, ऊब शेकत बसते, असं ओर्दिना शेजारणींना सांगायची. आधी तिला संताप आला, चारचौघांत असं ओरडल्याचा. पोरगी वेडी आहे, एवढं म्हटलं असतं तरी ब्रानोलने वल्ही मारायला लावली असती. तिच्या शब्दाला तेवढी किंमत होती.

"माझं नाक गेलंय, ब्रानोल," ती म्हणाली. "वर्ष झालं. जहाज फिरव."

"वर्ष? या वर्षात तीनदा तू माझ्या जहाजावर बसलीस."

"हो."

ब्रानोलने जहाज फिरवलं. उतरताना कोणी तिला हात दिला नाही.

तळ खरवडायला तीन दिवस लागले. तिसऱ्या संध्याकाळी ओर्दिनाने सुनेला विचारलं, "आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही घराबाहेर काढलं असतं मला."

"काढलंच असतं," ओर्दिना म्हणाली, आणि तिच्या ताटात मासळीचा मोठा तुकडा वाढला.

नवा लेप सेव्केने वास घेऊन पास केला. ओर्दिना ब्रानोलकडे गेली. "टोकावर मी बसते. तिचं वय काय, माझं काय."

"वास कोणी घेतला?"

"तिने."

"मग तीच बसेल. तुझी सासू बसली, तू बसलीस. आता कशाला वाद घालतेस?"

ओर्दिना माघारी फिरली.

सकाळी जहाज सुटलं. टोकावर सेव्के, दोन्ही हातांनी दोर घट्ट धरून. धक्क्यावर वल्हेकऱ्यांच्या बायका, आया, बहिणी नेहमीसारख्या जमल्या होत्या. एकेचाळीस वर्षं ओर्दिनाची या सगळ्यांकडे पाठ होती. इथे उभं राहून त्या काय करतात, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. त्या काहीच करत नव्हत्या. कोणी बोलतही नव्हतं.

जहाज बंदराच्या तोंडाशी पोचलं. पाणी फुगून वर आलं, टोक उचललं गेलं, आणि सेव्के दिसेनाशी झाली. ओर्दिनाने शेजारच्या बाईचं मनगट धरलं. ती ब्रानोलची बायको होती. तिने हात सोडवला नाही.

मग पाणी खाली बसलं. जहाज पलीकडे होतं, आणि टोकावरची ती छोटी आकृती वळून हात हलवत होती.

बायका लगेच पांगल्या. कोणाची चूल, कोणाचं धुणं. ओर्दिना मात्र पाण्याकडे बघत तिथेच उभी राहिली. ब्रानोलची बायको चार पावलं जाऊन परत आली.

"चल गं," ती म्हणाली. "पहिल्यांदा असंच होतं. परवा दुसरं जहाज आहे."