मेथी, ससा आणि छऱ्याची बंदूक

माझ्या बायकोला मेथीचे डोहाळे लागले, म्हणून मी बंदूक घेतली.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. आम्ही क्राइस्टचर्चच्या कडेला, हॉर्नबीत राहायचो. वैशाली हॉस्पिटलात नर्स आणि मी फार्मसिस्ट (म्हणजे दिवसभर दुसऱ्यांना मात्रा समजावणारा). तिला पाचवा महिना लागला आणि ताज्या मेथीच्या भाजीशिवाय काही सुचेना. तिथे तेव्हा ताजी मेथी कुठली मिळायला? मी मिसळणाच्या डब्यातले मेथीदाणे परसात पेरले आणि ते चक्क उगवले. ड्यूटीवरून आली की वैशाली वाफ्यापाशी उभी राहायची. "शनिवारी काढू हं, अहो." शुक्रवारी ससा आला आणि वाफा साफ करून गेला. तिने काढून ठेवलेली परडी परत फडताळात ठेवली. मला फार वाईट वाटलं.

पुन्हा दाणे पेरले आणि बंदुकीच्या दुकानात गेलो. माझा अनुभव जत्रेत फुगे फोडण्यापुरता. (फुटले नव्हते.) दुकानदाराने दोन बंदुका काउंटरवर ठेवल्या.

"ही बारीक छऱ्याची, परसात नेमाचा सराव करायला. ही जाड छऱ्याची, सशाबिशाला. तुला कशाला हवीय, मेट?"

जाड छऱ्याची उचलली तर खांदाच खाली आला. "सशासाठीच, पण जरा सौम्य नाही का?"

"सशाला मारायचंय की समज द्यायचीय?"

"आधी समज देऊन पाहतो."

त्याने जाड छऱ्याची उचलून परत मागे ठेवली. मग बारीक छऱ्याची बंदूक गुंडाळून दिली.

रविवारी पुण्याहून आईचा फोन आला. मी बंदुकीची बढाई मारायला गेलो आणि फसलो.

"अरे सुहास, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बायको पोटुशी असताना नवऱ्याने जीवहत्या करायची नसते. मुंगीसुद्धा मारायची नाही."

"आई, मी विज्ञानाचा पदवीधर आहे."

"असशील. मुंगी मारायची नाही."

मी असलं काही मानत नाही. पण लेकराचा प्रश्न, उगाच विषाची परीक्षा कशाला पाहा? तेव्हा ठरवलं की सशाला हात लावायचा नाही, फक्त नेमाचा सराव करायचा. आवाजाने घाबरून जाईल बिचारा.

लाकडांच्या ढिगावर रिकामे डबे मांडले. हॉर्नबीचा वारा असा, की मी नेम धरेपर्यंत डबे आपणहून पडायचे. (सुरुवातीला मला वाटलं, मीच पाडतोय.) नवी मेथी वर आली तसा ससा रोज वाफ्यात बसायचा आणि मेथी खात माझा सराव बघायचा. आठवड्याभरात तो चांगला गुबगुबीत झाला, आणि दुसरं पीकही संपलं.

शेवटी वाऱ्यात डब्यांना टेकू म्हणून मी फडताळातला एक भरलेला डबा आणून मध्ये ठेवला. डावीकडच्या रिकाम्या डब्यावर नेम धरला आणि चाप ओढला. छरा मधल्याला लागला. तो आमरसाचा होता. ऑकलंडहून, अवोन्डेल भागातल्या मैत्रिणीने, वैशालीने मागितला म्हणून डोहाळजेवणासाठी पोस्टाने पाठवलेला, आणि तसा एकच होता.

मी भोकावर बोट दाबून उभा होतो, तेवढ्यात वैशाली ड्यूटीवरून आली. तिने आधी उघडा वाफा पाहिला, मग माझं पिवळं बोट, आणि ती मागच्या पायरीवर बसून रडायला लागली.

"दोनच गोष्टी मागितल्या मी. एक सशाने खाल्ली, एक तुम्ही मारलीत."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेजारचा केन कुंपणावरून हे सगळं बघत होता. सत्तरीचा गडी, जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरलेला. जँडल्स (म्हणजे रबरी चपला) फटफटवत आत आला. "वायरची जाळी लावतात रे वाफ्याला," तो म्हणाला, "आणि ती बंदूक दे जरा इकडे." मी दिली. त्याची बायको अडुसष्टची, त्यामुळे आईची अट त्याला लागू नव्हती.

ससा संध्याकाळी सवयीने आला. केनने एकच छरा उडवला. "स्वीट अ‍ॅज," (म्हणजे झकास) म्हणाला, आणि ससा सोलून पातेल्यात घालून आमच्या ओट्यावर आणून ठेवला.

मी घाबरून वैशालीकडे पाहिलं. पण ती कोल्हापूरची. डोळे पुसून उठली आणि म्हणाली, "कांदे चिरा."

असा तांबडा रस्सा केला तिने की घरभर घमघमाट. केनलाही बसवून घेतलं. तिने पहिला घोट घेतला, थांबली, पुन्हा घेतला.

"अहो," ती म्हणाली, "मेथी उतरलीय रश्शात."

दोन पिकांची, सशात साठत गेलेली माझी मेथी अखेर तिच्या पोटात पोचली होती. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी किती दिवसांनी बघत होतो. मलाही भरून आलं.

"बाळाला सांगीन मी," वैशाली म्हणाली, "तुझ्या आईचे डोहाळे पुरवायला एक माणूस बंदूक घेऊन उभा राहिला होता."

माझी मान ताठ झाली. तिने रश्शाची दुसरी वाटी काठोकाठ भरली, केनपुढे ठेवली, आणि माझ्यापुढे आणखी दोन कांदे.